वेस नसलेल्या शहरातून प्रतापगडाकडे

पायी यात्रांचा इतिहास लिहिताना आपले बहुतेक लक्ष शेवटाकडे असते. देवस्थान कुठले, आख्यायिका कोणती, गर्दी किती, हे सारे नोंदले जाते. वाटेवर लिहिलेच तर मधला भाग निवडला जातो: घाट, नदी, रिंगण, मुक्कामाचा माळ. घराच्या उंबऱ्यापासून वस्ती संपेपर्यंतचा पहिला टप्पा मात्र कोणी लिहीत नाही. खेड्याच्या बाबतीत ते समजण्यासारखे आहे, कारण खेडे दहा मिनिटांत मागे पडते. शहराचे तसे नसते. शहरातून पायी बाहेर पडणे हा यात्रेचा सर्वांत अवघड टप्पा आहे, आणि तो अवघड का झाला याला इतिहास आहे. पूर्व विदर्भातल्या एका चौकावरून तो नीट वाचता येतो. गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यात, नागपूर–रायपूर महामार्गावर कोहमारा हे गाव आहे. उत्तरेकडून गोंदिया–गोरेगावचा रस्ता येथे येऊन मिळतो आणि दक्षिणेकडे नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव, पुढे वडसा अशी वाट जाते. महाशिवरात्रीला गोंदियाच्या बाजूने प्रतापगडच्या महादेवाला निघालेल्या माणसाच्या रस्त्यात कोहमारा येतोच.

माझे म्हणणे असे आहे. पायी यात्रेकरूची वाट आज हरवते ती रस्ते कमी आहेत म्हणून हरवत नाही. पूर्वी त्याला बाहेर पडण्याच्या अनेक वाटा होत्या. गेल्या दीडशे वर्षांत त्या एकेक करून मिटल्या आणि शेवटी एकच उरली, वाहनांच्या रस्त्याची कडा. ही कडा त्याच्यासाठी कोणी बांधलेली नाही. ज्या यात्रांच्या मागे मोठी संख्या आणि संघटना आहे त्यांना वर्षातून काही दिवस रस्ता मोकळा करून मिळतो. लहान यात्रांना तोही मिळत नाही.

आधी सडकेपूर्वीचा प्रदेश पाहू. जुना भंडारा जिल्हा, ज्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तो तलावांचा मुलूख आहे. कोहली समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव, त्यांच्या खालच्या बोड्या, आणि त्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या यांनी या मुलखाची, म्हणजे झाडीपट्टीची, सारी रचना ठरवली. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहली यांनी बांधला असे परंपरा सांगते. पायी जाणाऱ्याला या रचनेचा अर्थ सरळ होता. तलावाची पाळ ही पावसाळ्यातही चालता येणारी उंच वाट असते, पाळीवर आंबा, मोह, चिंच यांची सावली असते, पाणी हाताशी असते आणि पाळीच्या टोकाला गाव असते. एका तलावावरून दुसऱ्या तलावाकडे जात राहिले की माणूस आपोआप पाण्याच्या आणि वस्तीच्या टप्प्यात राहत असे. यात्रेकरूंच्या समूहाला इथे पोहा म्हणतात. महादेवाची गाणी म्हणत, झेंडा घेऊन निघालेल्या पोह्याला दिवसभरात नेमके हेच लागे: सकाळी पाणी, दुपारी सावली, रात्री अंग टाकायला गाव.

त्यात हंगामाची मोठी मदत होती. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते. तोवर पावसाळी धान कापून, मळून घरात आलेले असते. बांध्या कोरड्या पडलेल्या असतात. धानाच्या ओलीवर फेकलेली लाखोळी निघालेली किंवा कापणीला आलेली असते. अशा वेळी सारे शिवार चालणाऱ्याला खुले असते. पांदणीने जा, धुऱ्यावरून जा, नाही तर बांधी तिरपी कापून जा, कोणी अडवत नाही, कारण पायाखाली नुकसान होण्यासारखे फारसे काही नसते. देवाची तिथी आणि शेतीचा मोकळा काळ यांची ही गाठ केवळ योगायोगाची वाटत नाही. पंढरीची आषाढी पेरणीच्या तोंडावर किंवा पेरणी उरकून निघते, झाडीपट्टीतली शिवरात्र मळणीनंतर. लोक मोकळे असतात त्या वेळी यात्रा टिकतात, हे मान्य करायला हरकत नाही. पण या प्रदेशात लोकांबरोबर जमीनही मोकळी असे, आणि वाट सापडण्याच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची होती. एखादी वाट बंद असली तर दुसरी, तीही नसली तर धुरा. वाट चुकणे हा प्रकार त्यामुळे फारसा उद्भवतच नसे. डोंगर दिसला की दिशा ठरे आणि पायाखालचे शिवार कोणत्याही दिशेने पार करता येई.

प्रतापगडचे स्वरूपही या मोकळेपणाशी सुसंगत आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या, गोठणगावजवळच्या या डोंगरावर महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही. शिवरात्रीच्या यात्रेत हिंदू आणि मुसलमान दोघे येतात. अशा ठिकाणी एकाच संप्रदायाचा, एकाच मार्गाने येणारा प्रवाह नसतो. चारी दिशांनी, आपापल्या गावाच्या सोयीने लोक येतात. म्हणून प्रतापगडला ‘मार्ग’ असा एक कधी नव्हता, अनेक वाटांचे जाळे होते. त्या जाळ्याचे काय झाले ते पाहायचे तर सडकेकडे वळावे लागते.

नागपूरहून पूर्वेकडे जाणारी दिशा जुनी आहे. १७५१ ते १८०३ या काळात ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि जगन्नाथपुरी त्यांच्या राज्यात होती. फौजा, कारकून, व्यापारी आणि यात्रेकरू यांची ये-जा या दिशेने चाले. पण ती बैलांच्या तांड्यांची आणि पावलांची वाट होती. १८६१ साली मध्य प्रांताची निर्मिती झाली, आणि १८६२ ते १८६७ या काळात मुख्य आयुक्त असलेल्या रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत रस्तेबांधणीला वेग आला. नागपूर, भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, रायपूर अशी ही सडक ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ म्हणून ओळखली गेली. सडक अर्जुनीला तिचे नाव या रस्त्यामुळे मिळाले. वीस-तीस मैलांच्या आत दुसरी एक अर्जुनी आहेच, तिला लोक मोरगावच्या जोडीने ओळखतात. सडक पूर्व-पश्चिम गेली आणि तलावांच्या पाळींवरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या वाटा तिला जिथे छेदू लागल्या तिथे कोहमाऱ्यासारखी ठिकाणे आली. म्हणजे यात्रेकरूच्या दृष्टीने सडक आरंभापासून आडवी होती. पुरीला जाणाऱ्याला ती सोबत करी. प्रतापगडला जाणाऱ्याला ती ओलांडायची गोष्ट होती. बैलगाड्यांच्या काळात ओलांडायला काहीच कष्ट पडत नव्हते, म्हणून हा फरक शंभर वर्षे कोणाच्या ध्यानात आला नाही.

यानंतर रेल्वे आली, आणि तिने या भूगोलाला दिलेले वळण निर्णायक ठरले. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूर–छत्तीसगढ रेल्वे सुरू झाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने ती घेतली आणि रुंद केली. हा लोहमार्ग सडकेच्या बाजूने गेला नाही. तो उत्तरेकडून तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा, डोंगरगढ असा गेला. सडकेपासून चाळीसेक किलोमीटर उत्तरेला असलेले गोंदिया त्यामुळे वाढू लागले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथून जबलपूरकडे आणि १९०८ मध्ये नागभीडकडे अरुंद रूळांचे फाटे निघाले आणि गोंदिया जंक्शन झाले. धानाच्या गिरण्या, विड्या, तेंदूपत्ता, जंगलातले लाकूड, या मालाने शहर उभे केले.

हे शहर कसे वाढले त्यावर त्यातून बाहेर पडण्याचा प्रश्न अवलंबून आहे. जुन्या गावाला, कसब्याला, पेठांच्या शहराला वेस असे. वेशीबाहेर मारुती, विहीर किंवा बारव, वडा-पिंपळाचा पार असे. वेस म्हणजे फक्त संरक्षणाचा दरवाजा नसे. बाहेर पडणाऱ्याला निरोप देण्याची, सोबत्यांची वाट पाहण्याची आणि पुढची दिशा विचारून घेण्याची ती ठरलेली जागा होती. गोंदियाला अशी वेस कधी नव्हती, कारण ते कोणत्याही सीमेच्या आत वसले नाही. ते स्टेशनभोवती वाढले. त्याचे रस्ते स्टेशनपासून निघतात आणि माल जिथून यायचा त्या दिशांना जातात. गोरेगाव–कोहमारा रस्ताही असाच: रूळ आणि सडक यांना जोडणारा, गाड्यांसाठी लागलेला दुवा. याच रस्त्यावरच्या फुलचूरच्या बाजूने शहर जसजसे पसरत गेले तसतशी बाहेर पडण्याची जागा पुढे सरकत गेली, आणि कुठल्याच जागेला निरोपाची जागा होण्याइतके स्थैर्य मिळाले नाही. महादेवाच्या यात्रा या शहराहून जुन्या आहेत. पचमढीच्या महादेवाची जत्रा जेम्स फोर्सिथ यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरच्या पुस्तकात वर्णिली आहे, तेव्हा गोंदियात रूळ पडायला दहाएक वर्षे अवकाश होता. यात्रा जुनी आणि शहर नवे, पण नव्या शहराने आपली रचना करताना जुन्या चालणाऱ्यांना गृहीत धरले नाही.

१९०८ च्या नागभीड फाट्याने आणखी एक बदल केला. गोरेगाव, सौंदड, अर्जुनी ही स्थानके झाली आणि यात्रेचा मोठा भाग बसून करता येऊ लागला. पायी जाणे ही गरज राहिली नाही, ती निवड झाली. पुढे एस.टी. आली, खासगी जीपगाड्या आल्या. आजही जे पोहे पायी निघतात ते नवसाने, व्रताने किंवा घराण्याच्या रिवाजाने निघतात. ही निवड म्हणजे हौस आहे, तिची जबाबदारी कोणी का घ्यावी, असा एक सूर असतो. त्याच्याकडे पुढे येईन. आधी उरलेल्या वाटा कशा मिटल्या ते सांगितले पाहिजे, कारण तो भाग सर्वांत कमी लिहिला गेला आहे.

गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोह धरण १९७० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांनी लाभक्षेत्रात उन्हाळी धान शक्य झाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे वरदान होते आणि आहे. पण उन्हाळी धानाची रोवणी शिवरात्रीच्या आधी उरकते. म्हणजे ज्या बांध्या माघात कोरड्या असत त्या आता चिखलाने आणि रोपांनी भरलेल्या असतात. धुऱ्यावरून तीस-चाळीस माणसांचा पोहा नेणे म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान करणे. डोंगराजवळच्या शेवटच्या टप्प्यातला मोकळा पट्टा असा बंद झाला, आणि तो योग्य कारणाने बंद झाला. जंगलाचेही तसेच. १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ मध्ये नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. कोहमाऱ्याच्या उत्तरेला गोंदियाच्या रस्त्यावर मुरदोलीचे जंगल आहे, दक्षिणेला नवेगावचे. या दोन जंगलांना जोडणारा वाघांचा मार्ग इथूनच जातो. राखीव जंगलातल्या पायवाटा वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद होतात आणि व्हायलाच हव्यात. रात्री झाडीतून चालणारा पोहा आणि रात्रीच फिरणारा वाघ यांना एकाच पायवाटेवर सोडणे दोघांच्याही हिताचे नाही. पांदणींची गोष्ट मात्र वेगळी आहे. गावनकाशावर काढलेल्या पांदणी दोन्ही बाजूंच्या शेतांनी थोड्याथोड्या खाल्ल्या, आणि त्याला कोणतेही योग्य कारण नव्हते. राज्य सरकारला २०२१ मध्ये पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने वेगळी योजना काढावी लागली, यावरून हा प्रश्न एका तालुक्याचा नाही हे कळते.

शिवार मिटले, जंगल मिटले, पांदणी अरुंद झाल्या. उरला डांबरी रस्ता. गोंदियाहून निघालेला पोहा गोरेगाव, मुरदोली करत याच एका धाग्यावरून कोहमाऱ्याला येतो आणि तिथे त्याला महामार्ग क्रमांक ५३ ओलांडायचा असतो, जो २०१० च्या नव्या क्रमांकांपूर्वी सहा म्हणून ओळखला जाई. मुंबईकडून कोलकात्याकडे जाणारी अवजड वाहतूक या रस्त्याने अहोरात्र चालते. जी सडक दीडशे वर्षांपूर्वी आडवी आली होती ती आता खऱ्या अर्थाने आडवी आली आहे.

यावर पहिला आक्षेप असा की सडकेने यात्रेकरूचे भलेच केले. तो मोठ्या प्रमाणात खरा आहे. सडकेपूर्वीची झाडीपट्टी घनदाट होती, हिवताप होता, नाले फुगले की वाट दिवसचे दिवस बंद राही. रस्ते झाले म्हणून म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया यात्रेला येऊ शकल्या. कोहमाऱ्याच्या चौकात चहा, जेवण, औषध, वाहन मिळते. तलावाच्या पाळीवर यातले पाणी सोडून काही मिळत नसे. आणखी एक गोष्ट या आक्षेपात सहसा सांगितली जात नाही, ती मला अधिक वजनाची वाटते. जुन्या वाटेवरचे पाणी सर्वांना सारखे नव्हते. गावच्या विहिरीवर कोणी हात लावायचा आणि कोणी ओंजळ धरून उभे राहायचे हे जात ठरवी. रात्रीच्या मुक्कामाला कोणाला ओसरी मिळायची आणि कोणाला गावाबाहेरचे झाड, हेही. सडकेकडेच्या हातपंपावर हा प्रश्न कोणी विचारत नाही. जुन्या वाटांचे गुणगान करताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. म्हणून माझा मुद्दा सडकेविरुद्ध नाही. ती चालणाऱ्यालाही वापरता येईल अशी केली गेली नाही, एवढाच आहे. आणि तिचे फायदे मोजून दाखवल्याने ही उणीव भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. आता नकाशा खिशात आहे, मग वाट शोधण्याचा प्रश्न उरला कुठे? हा आक्षेप वाट म्हणजे रेषा असे समजतो. फोन सर्वांत जवळची रेषा दाखवतो. पण पोह्याच्या पुढाऱ्याला जे माहीत असते ते रेषेपेक्षा पुष्कळ जास्त असते: कोणत्या गावात वीस बायांना रात्री निर्धास्त झोपता येईल अशी शाळा किंवा समाजमंदिर आहे, कुठल्या टप्प्यात पाणी नाही, ऊन चढण्याआधी कुठवर पोचले पाहिजे, शहरातून पहाटे किती वाजता निघाले तर मालट्रकांची वर्दळ सुरू होण्याआधी शेवटची वस्ती मागे पडते. ही माहिती कोणत्याही नकाशात भरलेली नाही. ती एका पिढीकडून दुसरीकडे चालता चालताच जाते. चालणारे कमी झाले की ती पुसली जाते, आणि मग उरलेल्यांना चालणे आणखी अवघड होते.

इथे पुण्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे, कारण शहरातून बाहेर पडणाऱ्या पायी यात्रेचे आपल्याकडे त्याहून मोठे उदाहरण नाही. तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा लावून दिला. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला, म्हणजे पालखीची प्रथा पेशव्यांच्या पुण्याहून जुनी आहे. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्काम करतात, एक भवानी पेठेत, एक नाना पेठेत, आणि निघतात तेव्हा हडपसरपर्यंत एका दिशेने जाऊन तिथे वेगळ्या होतात: ज्ञानोबांची दिवे घाटाने सासवडकडे, तुकोबांची लोणी काळभोरकडे. या साऱ्यात कोणत्याही वारकऱ्याला वाट शोधावी लागत नाही. दिंडीचा क्रम ठरलेला, चोपदार ठरलेला, तिथीवार मुक्काम ठरलेला. आणि शहर आपली वाहतूक त्या दिवसांपुरती बाजूला करते. म्हणजे पुण्याने बाहेर पडण्याचा प्रश्न संस्थेने आणि संख्येने सोडवला. हैबतबाबांचे मोठेपण भजनाच्या क्रमात आहे तितकेच या व्यवस्थेत आहे. लाखो माणसे दोनशे वर्षांनंतरही एका शिस्तीने शहराबाहेर पडतात, याचे श्रेय आपण त्यांना पुरेसे देत नाही.

पण याच उदाहरणात माझ्या मुद्द्याचा पुरावाही आहे. केंद्र सरकारने पालखी मार्ग रुंद करायला घेतले आणि ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंढरपुरात त्यांची पायाभरणी झाली. वारकऱ्यांसाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चालण्याची वेगळी पट्टी, हे या मार्गांचे वैशिष्ट्य. ज्ञानेश्वरमहाराज पालखी मार्गाची सुमारे २२१ किलोमीटरची कामे दिवे घाट ते मोहोळ अशी आखली गेली. तुकाराममहाराज पालखी मार्गाची सुमारे १३० किलोमीटरची पाटस ते तोंडले–बोंडले अशी. सुरुवातीची ठिकाणे पाहा. दिवे घाट आणि पाटस, दोन्ही शहराच्या पलीकडे. चालणाऱ्याची पट्टी शहर संपल्यावर सुरू होते. ज्या टप्प्यात ती सर्वांत जास्त लागते तिथे अजूनही वाहतूक थांबवण्याचाच उपाय आहे. लाखोंच्या वारीला तो पुरतो. तीस माणसांच्या पोह्यासाठी गोंदियाचा जयस्तंभ चौक कोणी थांबवणार नाही, आणि कोहमाऱ्याचा महामार्ग तर नाहीच. मोठ्या यात्रेला वर्षातून काही दिवस रस्ता मिळतो. लहान यात्रेला मिळायचा तर तो कायमचाच बांधावा लागेल.

हे अशक्य नाही, याचे दाखले शोधायला लांब जायला नको. कोहमाऱ्यावरून जाणारी हीच सडक पूर्वेला छत्तीसगढमध्ये दुर्ग–भिलाईतून जाते. तिथे तिला अजून लोक ‘जी. ई. रोड’ म्हणतात. नवरात्रात भिलाई, दुर्ग, राजनांदगावहून डोंगरगढच्या बम्लेश्वरीला पायी जाणाऱ्यांचे लोंढे याच रस्त्याने निघतात. त्या दिवसांत पदयात्रींसाठी रस्त्याची एक बाजू राखण्याची व्यवस्था होते आणि जागोजागी सेवा पंडाल उभे राहतात: पाणी, फराळ, पाय चेपायला तेल, झोपायला सतरंजी. भिलाई हे पोलाद कारखान्याचे शहर, गोंदियाहूनही नवे. तेव्हा शहर नवे आहे म्हणून त्याला चालणाऱ्यांची रीत नाही, हे म्हणणे टिकत नाही. दुसरा दाखला गोंदिया जिल्ह्यातलाच. सालेकसा तालुक्यातले कचारगड हे पारी कुपार लिंगो आणि काली कंकाली यांच्याशी जोडलेले गोंड समाजाचे श्रद्धास्थान. तिथली आजची माघ पौर्णिमेची देशव्यापी यात्रा १९८० च्या दशकात डॉ. मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. धनेगावच्या पायथ्यापासून गुहेपर्यंतची चाल आज अनेक राज्यांतल्या माणसांच्या ओळखीची आहे. चाळीस वर्षांत एक वाट लोकांच्या मनात नव्याने घालता येते, ती घालणारी माणसे आणि पाठीशी संस्था असली तर.

राहिला तो सूर, की पायी जाणे ही हौस आहे. मला हे म्हणणे तत्त्वतःच चुकीचे वाटते. कोहमाऱ्याच्या चौकात शिवरात्रीला चालणारा माणूस बाकीच्या दिवशीही चालतच असतो. शाळेला जाणारी मुले, मोह वेचून आणि तेंदूची पाने तोडून परतणाऱ्या बाया, बाजाराला आलेला म्हातारा, हे सारे त्याच कडेने जातात. यात्रेकरू फक्त त्या कडेची अवस्था एका दिवसात सर्वांना दिसेल इतक्या संख्येने दाखवून देतो. त्याच्यासाठी बांधलेली पट्टी उरलेले सारे दिवस यांच्या पायाखाली राहील.

आणि हक्काचा विचार केला तर या प्रदेशाला तो नवा नाही. मालगुजारीच्या काळापासून इथल्या गावांत वहिवाटीच्या हक्कांची नोंद ठेवली जाते. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, हा भाग पुढे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, तरी ती पद्धत गेली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक आहे आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज, ज्यात जाण्यायेण्याच्या रूढ वाटेचा हक्क नोंदायचा असतो. म्हणजे खेड्यात चालणाऱ्याच्या वाटेला कागद आहे. शहराची हद्द सुरू झाली की रस्ता मीटरमध्ये मोजला जातो आणि त्यावरून परंपरेने कोण चालत आले याची विचारपूस थांबते. ती पुन्हा सुरू करायला नवा कायदा नको. पोह्यांच्या वाटांची वाजिब-उल-अर्जात नोंद करून घेणे ग्रामसभांच्या हातात आहे. गोंदिया–कोहमारा रस्त्याचे पुढचे रुंदीकरण होईल तेव्हा फुलचूरपासून चालण्याची पट्टी मागणे नगरपरिषदेच्या आणि जिल्हा परिषदेच्या हातात आहे. मुरदोलीच्या जंगलापुरती पोह्यांना दिवसाउजेडी सोबत देणे वनविभागाला जमण्यासारखे आहे. कोहमाऱ्याला महामार्ग पायी ओलांडण्याची सुरक्षित सोय ही तर यात्रा नसती तरी मागावी लागली असती. पोह्यांचे पुढारी अजून हयात आहेत, त्यांना मुक्काम तोंडपाठ आहेत. येत्या शिवरात्रीपूर्वी प्रत्येक गावाने आपल्या पुढाऱ्याजवळ बसून ते लिहून घ्यावेत आणि त्याची एक प्रत तहसील कार्यालयात द्यावी.